मुठीतले दोन पिकॅन

उत्तरेचा वारा पहिल्यांदा सुटला की आमच्या घरामागच्या ओढ्याकाठची पिकॅनची झाडं फळं टाकायला लागतात. इथे टेक्सासातल्या फ्रिस्कोत उन्हाळा जाता जात नाही. दिवाळीचा कंदील आम्ही कितीदा घाम पुसत लावलाय. मग एका सकाळी दार उघडावं तर हवा कोरडी, बोचरी झालेली असते आणि कुंपणापलीकडे टप टप चालू असते. पिकॅन म्हणजे अक्रोडाचा लांबुडका चुलतभाऊ. गुळगुळीत, तपकिरी, अंगावर काळे फराटे. वरची हिरवी साल उकलते आणि फळ निसटून गवतात पडतं. खारी आणि कावळे आमच्या आधी हजर असतात. लोकांना या दिवसांत रंगीत पानं दिसतात, भोपळे दिसतात. मला मात्र ही टपटप ऐकू आली की आधी दाराची कडी आठवते. लावलीय ना मी?

मी जन्मजात संशयी आहे आणि त्याची मला फारशी लाजही वाटत नाही. दुधावरची तारीख वाचून झाली तरी मी दूध हुंगते. नारळ कानाशी हलवल्याशिवाय घेत नाही. कुणी पहिल्याच भेटीत फार गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. हा वारसा आईचा. कराडला आमच्या घरी दूधवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत कुणीही तिच्या नजरेतून सुटत नसे. अमेरिकेत आले तेव्हा वाटलं होतं, इथे हा गुण आपोआप गंजून जाईल. कसलं काय! इथे प्रत्येक दाराला कॅमेऱ्याचा डोळा बसवलेला, आणि गल्लीच्या ग्रुपवर दिवसभर एकच विषय. अनोळखी गाडी दिसली. अनोळखी माणूस दिसला. माझ्यासारखीला हे माहेरच की.

माझी लेक ईरा पहिलीत होती त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली होती. ती सकाळी शाल गुंडाळून फिरायला जायची आणि येताना पदरात पूजेची फुलं घेऊन यायची. कुंपणाबाहेर आलेलं फूल देवाचं, हा तिचा साधा हिशेब. काही दिवसांतच ग्रुपवर फोटो आला. ‘एक वयस्कर बाई घरांच्या आसपास घुटमळताना दिसते आहे, सावध राहा.’ फोटोत माझी आई कुणाच्या तरी जास्वंदीकडे हात लांबवून उभी. खाली एकाने विचारलं होतं, पोलिसांना कळवायचं का? मी शरमेने अर्धी झाले. आईला दाखवला तर चष्मा लावून नीट बघून म्हणाली, “फोटो बरा आलाय की.”

त्याच ऋतूत ओफेलियाचा पिकॅन आमच्या घरात शिरला.

ओफेलिया तेव्हा साठीला टेकलेली होती. बुटकी, ताठ कण्याची, पांढऱ्या केसांची एकच जाड वेणी. ईराच्या शाळेच्या कॅफेटेरियात वर्षानुवर्षं मुलांना वाढून ती निवृत्त झाली होती. गावाच्या जुन्या भागात, रेल्वेच्या रुळांपलीकडे तिचं लहानसं घर, आणि अंगणात छपरावर वाकलेलं पिकॅनचं म्हातारं झाड. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे. आई होती, पण ती गाडी चालवत नव्हती, आणि ती परत गेल्यावर काय हा प्रश्न होताच. म्हणून शाळा सुटली की ओफेलिया ईराला आपल्या घरी न्यायची आणि संध्याकाळी ठरल्या वेळी दोघी पायरीवर येऊन थांबत, तिथून मी तिला घेऊन यायचे. आईने पहिल्याच दिवशी तिची ‘मावशी’ करून टाकली. ईरा तिला मावशी म्हणायची, ती ईराला ‘मिहा’ म्हणायची, म्हणजे ‘माझी पोर’. सगळं छान चाललं होतं, आणि सगळं छान चाललेलं मला सोसत नाही.

नोव्हेंबर लागला आणि ईराची बोटं काळी व्हायला लागली. नखांच्या कडा, बोटांची पेरं, सगळं काळपट तपकिरी. साबणाने जाईना, लिंबाने जाईना.

“कुठे गेला होतात गं?”

“नोव्हेअर.”

“मग हे काय?”

“नथिंग, आई. इट्स अ सीक्रेट. माझं आणि मावशीचं.”

मोठ्या माणसाने लहान पोरीला दिलेलं गुपित! माझ्या अंगावर काटा आला. मग मी बघायलाच लागले, आणि बघायला लागलं की दिसतंच. ईराच्या खिशात कायम दोन पिकॅन. वॉशिंग मशीनमध्ये ते खडखडले तेव्हा कळलं. रात्री उशीखाली तेच. एकदा घरी कुणी पार्सलवाला बेल वाजवून गेला, तर ही पोरगी सोफ्यामागे पालथी पडली, श्वास रोखून, आणि आजीला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण करत होती. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “पोरीला कुणीतरी घाबरवलंय.”

ओफेलियाही काही कमी संशयास्पद नव्हती. गाडी कायम तोंड रस्त्याकडे करून लावायची. आमच्याकडे आली की दार दिसेल अशीच खुर्ची निवडायची. फोटो काढायला फोन वर केला की हिला नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं. आम्ही दिवाळीनंतर तिला फराळाला बोलावलं. चकली तिला आवडली, अनारसा तिने दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. आईने हळदीकुंकू लावलं, तेही तिने मान वाकवून लावून घेतलं. मग आई समोर बसली आणि सुरू झाली. मी मधे दुभाषी.

मूळ गाव कुठलं? इकडे कधी आलात? कुणाबरोबर आलात? आई-वडील कुठे असतात? नवरा काय काम करतो? मुलं किती, कुठे कुठे असतात? हे घर स्वतःचं का भाड्याचं?

कुणीही मराठी माणूस सांगेल, यात वावगं काय? हे विचारलं नाही तर पाहुण्याचा अपमान. कराडला गल्लीत नवा भाडेकरू आला तर त्याचा चहा निवायच्या आत आईला त्याच्या मावसबहिणीचं सासर माहीत असे. पण ओफेलियाची उत्तरं एकेका प्रश्नागणिक आखडत गेली. “नॉर्थ.” “लाँग टाइम.” “फॅमिली.” शेवटी तर नुसतीच मान हलली. बशी तशीच ठेवून ती उठली. ती गेल्यावर आई म्हणाली, “एकाचंही सरळ उत्तर नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!” आणि मला ते पटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी दुपारची मीटिंग कॅन्सल झाली. गाडी दुरुस्तीला दिली होती, म्हणून भाड्याची मिळाली होती, मोठी, पांढरी. आईला घेऊन मी वेळेआधीच ओफेलियाच्या दारात उभी राहिले. खरं सांगायचं तर मुद्दामच. न सांगता गेलं की खरं काय ते दिसतं, हीही आईचीच शिकवण.

बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता तो बंद झाला. खिडकीचा पडदा किंचित हलला. दार उघडलं नाही. ईराचे बूट पायरीवर होते, गाडी अंगणात होती. मी फोन लावला. आतून रिंग ऐकू आली आणि मधेच तुटली.

“ईरा! अगं मी आहे, आई! दार उघड!”

काही नाही. मी दारावर थापा मारल्या. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आई मागे उभी राहून देवाचं नाव घेत होती. माझी पोर आत आहे, मी तिला हाक मारतेय, आणि ती ओ देत नाही. आईच्या हाकेला पोरीने ओ देऊ नये असं आत काय चाललं असेल, याची माझ्या डोक्यात आलेली चित्रं मी कुणाला सांगणार नाही. पोलिसांचा नंबर मी दाबणारच होते.

तेवढ्यात दार वीतभर उघडलं. साखळीमागून ओफेलियाचा एक डोळा दिसला. त्याने मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, रस्ता दोन्ही बाजूंना पाहिला. मग साखळी निघाली. जेवणाच्या टेबलाखालून ईरा रांगत बाहेर आली आणि मलाच रागावली.

“आई, यू डिडन्ट डू द पिकॅन!”

“तुला माझा आवाज ऐकू नाही आला?”

“आला.”

“मग?”

“व्हॉइस डझन्ट काउंट.”

त्या क्षणी आला तेवढा राग मला जन्मात आला नव्हता. माझ्या लेकीला माझा आवाज धरायचा नाही असं शिकवणारी ही कोण? मी ईराचं दप्तर उचललं आणि म्हटलं, उद्यापासून ती इथे येणार नाही. ओफेलियाने गयावया केली नाही. तिने दोन खुर्च्या ओढल्या, एक आईसाठी, एक माझ्यासाठी, आणि टेबलावर ओंजळभर पिकॅन ओतले. आई बसली, म्हणून मला बसावं लागलं.

ती ईराएवढी होती तेव्हाची गोष्ट. सरहद्दीच्या नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या कोआविलात तिचं गाव, तिथून आई-बाप आणि भावंडं पिकामागे इकडे टेक्सासात येत. कांद्याला कांद्याच्या शेतात, थंडीच्या तोंडाला पिकॅनच्या बागेत. बाप लांब काठीने फांद्या झोडपायचा. आई आणि पोरं झाडाखाली रांगत वेचायची, पोती ओढायची. बागेच्या कडेला पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे सगळे राहत. पोरं कच्चे पिकॅन खाऊन पोट दुखवून घेत. हिरव्या सालीच्या रसाने बोटं तेव्हापासून काळी, ईरासारखीच. सांगता सांगता ती हसली सुद्धा. पहाटे दव पडलेल्या गवतात गुडघे कसे बधिर व्हायचे आणि आई ते तळहातांनी कसे चोळायची, ते तिने आपल्याच गुडघ्यावर करून दाखवलं.

मग एका दिवशी ‘मीग्रा’ आले. परवाना नसलेल्यांना पकडून नदीपलीकडे सोडणाऱ्या सरकारी माणसांना तिच्या लोकांत हाच शब्द. बागेत होते ते सापडले. खोल्यांतल्या बायकांनी दारं लावली आणि पोरांची तोंडं हाताने दाबली. बाहेरून थापा पडल्या. कुणी उघडलं नाही. आणि मग दाराबाहेरून बापाचा आवाज आला. मी आहे, दार उघड.

“माझ्या आईने उघडलं,” ओफेलिया म्हणाली. “तो खरंच होता. त्याच्या मागे ते होते.”

सगळ्यांना गाडीत घातलं. पुढच्या हंगामाला ते कुटुंब दुसऱ्या वाटेने परत आलं. आई बापाला एका शब्दाने बोलली नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत त्या माणसाने घरातल्या कुणाला दाराबाहेरून हाक मारली नाही. खिडकीशी उभा राहायचा आणि मुठीत दोन पिकॅन दाबून फोडायचा. आतल्याने आतून तसेच फोडायचे. म्हणजे आत सगळं ठीक आहे. आतून उत्तर आलं नाही तर थांबायचं नाही, चालू लागायचं. हंगाम नसला तरी त्याच्या खिशात दोन पिकॅन असत. आवाज माणसाकडून काढून घेता येतो, ती म्हणाली. हे मात्र कुणाला माहीतच नसतं, तर काढून काय घेणार?

मग तिने आईकडे बोट केलं. “आणि ही. दिवाळीला हिने जे विचारलं, ते सगळं मीग्रा विचारतात. त्याच क्रमाने. मग तू आलीस, न सांगता, पांढऱ्या गाडीतून, त्यांच्यासारखीच.”

मी भाषांतर केलं. आईचं तोंड उघडंच राहिलं. “अगं बाई! मी तर ओळख काढत होते! ओळख काढल्याशिवाय माणूस आपलं कसं होणार?”

ओळख काढणं इंग्रजीत कसं सांगायचं? मी कसंबसं म्हटलं, तुम्ही आमच्यातल्या आहात का, ते ती शोधत होती.

“तेही तेच शोधतात,” ओफेलिया म्हणाली.

आईने टेबलावरचे दोन पिकॅन मुठीत घेऊन दाबले. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, काही होईना. एकटा पिकॅन मुठीत फुटत नाही, दोन एकमेकांवर दाबावे लागतात, आणि मग त्यांतला एक हार मानतो. ओफेलियाने आपला हात आईच्या मुठीवर ठेवला आणि आवळला. कट् असा आवाज आला. आई लहान मुलीसारखी हसली.

पण मी लगेच विरघळले असं कुणी समजू नये. दुधाने पोळलेल्याने ताक फुंकून प्यावं, इथे तर मला दूध काय आणि ताक काय तेच कळेनासं झालं होतं. मी अट घातली, ईराला सांगा की माझा आवाज चालतो. ओफेलिया नाही म्हणाली. मुलांना एक अपवाद शिकवला की नियम संपला. मला ते पटलं म्हणवत नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसून मी तळहात लाल होईपर्यंत पिकॅन फोडायचा सराव करत होते, हे खरं. संध्याकाळी तिच्या खिडकीशी उभी राहून मूठ आवळली. आतून उत्तर आलं, आणि पाठोपाठ ईराचं खिदळणं. इतकी हलकी मी कित्येक दिवसांत झाले नव्हते.

त्या हिवाळ्यात ओफेलियाच्या टेबलाशी बसून मी पुष्कळ पिकॅन सोलले. ती बोलायची तेव्हा बोलायची. हॉटेलच्या लाँड्रीतल्या नोकरीबद्दल, वाफेने ओल्या झालेल्या भिंतींबद्दल, चादरींच्या ढकलगाडीत झोपवलेल्या तान्ह्या लेकीबद्दल. ती लेक आता सॅन अँटोनियोत नर्स आहे. छपरं शाकारून गुडघे गमावून बसलेल्या आणि तरीही शनिवारी नाचायला नेणाऱ्या नवऱ्याबद्दल. शाळेत ताट पुढे करणाऱ्या कुठल्या मुलाने सकाळपासून खाल्लेलं नाही, ते त्याच्या हाताकडे बघून कळायचं, म्हणाली. मग डाव जरा भरून घालायचा. “विचारायचं नाही. वाढायचं.” मी काही विचारत नव्हते. तिच्याकडे कागदपत्रं आहेत की नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. मराठी बाईने इतकी वर्षं एखादा प्रश्न पोटात ठेवावा, हे प्रेमच म्हणायचं.

आता ईरा माझ्यापेक्षा उंच झालीय. आईला प्रवास झेपत नाही, ती व्हिडिओवर विचारते, “ओफेलियाबाई कशा आहेत?” आणि गल्लीच्या ग्रुपवर पुन्हा तेच. पांढरी व्हॅन दिसली. काळ्या काचांची गाडी दिसली. पूर्वी हे वाचून चोरांची भीती वाटायची. यंदा पुन्हा मीग्राच्या धरपकडीच्या बातम्या, आणि कोण कुणाला सावध करतंय तेच कळत नाही. नवरा म्हणतो, “तुझं ग्रीन कार्ड जवळ ठेव यार, उगाच कशाला रिस्क!” दुकानात फोनवर मराठीत बोलताना आपला आवाज खाली येतो, हे माझं मलाच परवा जाणवलं. भाजी निवडता निवडता मी मान वळवून दाराकडे बघत होते, अगदी तिच्यासारखी.

पिकॅन पडायला लागले आणि ओफेलियाचा फोन लागेनासा झाला. मेसेज जात, वाचल्याची खूण उमटत नसे. तिच्या लेकीचा नंबर माझ्याकडे नाही. तिचा नवरा वारल्यापासून ती एकटीच असते. ईरा म्हणाली, “आई, लेट्स जस्ट गो.” मी चिवड्याचा डबा भरला आणि शनिवारी दुपारी आम्ही निघालो.

घर लांबून दिसलं. अंगणभर पिकॅन पडलेले. वेचलेले नाहीत. गवतात, पायऱ्यांवर, पन्हळीत. एक फळ खारीला मिळू न देणारी ही बाई! पडदे लावलेले, गाडी जागेवर नाही. रस्त्याच्या टोकाला इंजिन चालू ठेवून एक गाडी उभी होती, काळ्या काचांची. प्लंबरची असेल. एसी दुरुस्त करणाऱ्याची असेल. नसेलही.

“तू गाडीतच बस,” मी ईराला म्हटलं.

मी हाक मारली नाही. बेलला हात लावला नाही. झाड बघायला आल्यासारखी वर बघत बघत घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. वाकून दोन पिकॅन उचलले आणि मूठ आवळली. कट्.

आतून काही नाही.

थांबायचं नसतं, हा नियम मला माहीत होता. तरी मी आणखी दोन उचलले. ते एकमेकांवरून घसरत होते. दुसऱ्या हाताने मूठ दाबून धरली तेव्हा कुठे एक फुटला. वारा आला, छपरावर चार फळं पडली. आणि मग काचेच्या अगदी जवळून, आतून, हलकाच आवाज आला. कट्.

माझे डोळे भरून आले. आणि सगळे प्रश्न घशाशी आले, आईचे सगळेच्या सगळे. कधीपासून अशा आहात? कुणी आहे का सोबत? जेवलात का? गाडी कुठे गेली? लेकीला कळवलंय का? मी एकही विचारला नाही. डबा मागच्या पायरीवर कुंडीआड सरकवला आणि पुढे आले. टोकाची गाडी अजून तिथेच होती. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले.

“नोबडीज होम, ईरा! कुणी नाहीये इथे. दे मस्ट हॅव मूव्ह्ड!”

ईराने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा पडला, मग नजर माझ्या हाताकडे गेली. “ओह. ओके,” तीही तितक्याच मोठ्याने म्हणाली. “लेट्स गो देन.”

मी गाडीत बसले, काच वर केली, वळण घेतलं. रूळ ओलांडेपर्यंत आम्ही दोघी सरळ समोर बघत होतो. मग तिने मराठीत, अगदी हळू विचारलं, “आहे ना?”

मी मूठ उघडून तिला टरफलं दाखवली.